टोपलीचे गाव

अमळनेर तालुक्यातील आजीचे धाब्याचे घर गेल्या दिवाळीनंतर उतरवायचे ठरले, तेव्हा पितळी भांडी वाटली गेली, लाकडी कड्या विकल्या गेल्या आणि माळ्यावरचे एक सूप, एक मोठी पाटी व धुराने काळी पडलेली एक दुरडी हे तीन जिन्नस कोणालाच नको असल्याने माझ्या वाट्याला आले. या वस्तू कुठल्या, असा साधा प्रश्न मी विचारला आणि घरात दोन तट पडले. काकांच्या मते तिन्ही जिन्नस अमळनेरच्या बुरुडाकडचे होते. आत्याच्या मते दुरडी ‘पश्चिम खानदेशातून’ आली होती. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांतल्या पश्चिमेला पुढे धुळे जिल्हा म्हणू लागले आणि १९९८ साली त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आत्याच्या बोलण्यात मात्र जुनेच नाव टिकून आहे, आणि त्या नावात तापीकाठच्या कपाशीच्या रानापासून नर्मदेच्या डोंगरांपर्यंतचा सगळा मुलूख बसतो. एवढ्या मुलखातून एका दुरडीचे गाव काढायचे म्हणजे पायपीट आलीच. जानेवारीत सहा दिवसांची सवड मिळाली, तेव्हा तिन्ही जिन्नस आणि त्यांच्या जोडीला महामार्गावरच्या एका दुकानातून ‘सातपुड्यातील आदिवासी टोपली’ अशी चिठ्ठी पाहून मी हौसेने घेतलेली एक टोपली, असे चार नमुने गोणपाटात बांधून निघालो.

पहिला दिवस : अमळनेर

बुरूड आळीत शिरताना ओल्या बांबूचा वास आधी आला आणि माणसे नंतर दिसली. ओसरीच्या भिंतीवर बाराव्या शतकातील बांबूकाम करणारे संत, शिवशरण मेदार केतय्या यांची तसबीर होती व तिच्याखाली सत्तरी उलटलेले एक गृहस्थ फतकल मारून बांबू फोडत बसले होते. बांबूच्या तोंडावर कोयता ठेवून त्यांनी एक ठोका दिला, चीर पडल्यावर कोयता किंचित पिळला आणि बांबू पेरामागून पेर कडकडत आपोआप फाटत गेला. गाठ आली की तेवढ्यापुरता आणखी एक ठोका, बाकी सगळे काम त्या पिळण्याचे. मग अर्धुक पायाच्या अंगठ्यात धरून त्यांनी सुरीने तिचे पदर सोडवले. वरचा हिरवा, तुळतुळीत पदर ही बांबूची ‘पाठ’ आणि आतला पांढरा, भुसभुशीत भाग हे ‘पोट’. पाठीची कामटी चिवट असते, पाणी लवकर पीत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. पोटाची कामटी स्वस्त टोपल्यांत भरतीला जाते आणि त्यात पिष्ट जास्त असल्याने भुंगा आधी तिलाच लागतो.

मी गोणपाट सोडले. माझी अपेक्षा अशी होती, की बाबा टोपल्यांची वीण पाहतील, घाट पाहतील, रंग पाहतील. त्यांनी चारही जिन्नस एकामागून एक सरळ उपडे केले आणि बुडे पाहिली. पाटी बाजूला सारत ते म्हणाले, की ही बांबूची नाहीच, ही तुराटीची, कैकाड्यांना विचारा. सुपाच्या पाठीवरून अंगठा फिरवून त्यांनी नवापूरचे नाव घेतले, कारण इतकी बारीक आणि सारख्या रुंदीची पाती काढणारे हात त्या बाजूला आहेत आणि तिकडची सुपे रेल्वेने या बाजारात येत असल्याचे ते लहानपणापासून पाहत आले होते. दुकानातल्या टोपलीच्या काठावर त्यांनी नख रोवले आणि हसले. तो काठ वेताचा होता. वेताला दमट, पावसाळी जंगल लागते. सातपुड्याच्या कोरड्या पानगळीच्या रानात तो उगवत नाही, तेव्हा वेताने बांधलेली, वरून व्हार्निश फासलेली टोपली कुठल्याही दूरच्या प्रांताची असो, सातपुड्याची नव्हे. चिठ्ठीवर मी विश्वास ठेवला आणि काठाकडे पाहिले नाही, ही चूक माझी. पण चिठ्ठी लिहिणाऱ्यानेही थोडी लाज बाळगायला हरकत नव्हती.

दुरडी त्यांनी शेवटी घेतली आणि बराच वेळ ठेवून घेतली. नंतर माझ्याशी चाललेले प्रमाण मराठी सोडून, जणू दुरडीलाच सांगावे तसे अहिराणीत म्हणाले, “बूड डोंगरनं शे, काठ मातर आमना शे.” बूड चौकोनी होते, रुंद चपट्या कामट्या एकमेकींखालून काढून चटईसारखे विणलेले, आणि त्याच्या चार कोपऱ्यांतून कामट्या वर वळवून हळूहळू गोल तोंड साधलेले. ओसरीवर पडलेल्या त्यांच्या स्वतःच्या टोपल्यांची सुरुवात निराळी होती : मध्यबिंदूवर कामट्या चांदणीसारख्या पसरायच्या आणि त्यांच्याभोवती बारीक पाती फिरवीत जायचे, म्हणजे बूड मुळातच गोल येते. दुरडीच्या काठावरचा तिरपा टाका मात्र त्यांच्याच आळीतला होता. तसाच टाका त्यांनी समोरच्या अर्धवट टोपलीवर घालून दाखवला. टोपली काठाला धरून उचलतात, म्हणून काठ आधी जातो, आणि चांगल्या टोपलीला नवा काठ बांधून घेण्याचा रिवाज पूर्वी घरोघर होता. कपाशी वेचणीच्या हंगामात डोंगरातली माणसे आजही सपाटीवर उतरतात. कोणे एके वर्षी त्यांच्यातल्या कोणाची दुरडी आजीकडे राहिली असेल आणि पुढे तिचा काठ अमळनेरला बांधला गेला असेल, असे काका आणि आत्या दोघांचीही बाजू राखणारे अनुमान मी रात्री वहीत लिहिले.

दुसरा दिवस : दोंडाईचा, नंदुरबार

सुरत–भुसावळ मार्गावरची गाडी सकाळी दोन तास उशिरा आली, त्यामुळे दोंडाईच्यात ठरवल्यापेक्षा कमी वेळ मिळाला. गावाबाहेरच्या वस्तीत एका कैकाडी कुटुंबाच्या अंगणात तुराट्यांचे भारे पाण्यात भिजत पडले होते. तूर नुकतीच निघू लागलेली असते, म्हणून हा त्यांच्या कामाचा भर. बांबू फोडून त्याची कामटी करावी लागते, तर इथे काडी अख्खीच वापरतात. उभ्या काड्यांना निरगुडीचा जाड फोक आणि आडव्या विणीला भिजवून मऊ केलेली तुराटी. माझी पाटी पाहताच घरच्या आजीबाईंनी तीच मांडणी बोटाने मोजून दाखवली. शेण, गवऱ्या, कपाशीची बोंडे वाहायला अशी पाटी लागते. ती जड असते, पण आपटली तरी फुटत नाही.

ही कुठल्या गावची, या माझ्या प्रश्नाचे त्यांना हसू आले. त्यांच्या लहानपणी त्यांचे बिऱ्हाड गाढवांवर असे, आणि ज्या गावात मुक्काम पडे तिथल्या शेतकऱ्याच्या खळ्यावर, त्याच्याच शेतातल्या तुराट्या घेऊन, त्याच्याच दारात बसून पाट्या विणून द्यायच्या. मोबदल्यात दाणे घ्यायचे आणि पुढे निघायचे. म्हणजे विणणारे हात फिरते असले, तरी तूर आजीच्या शेतातली असणार. जी वस्तू सर्वांत परकी वाटत होती, तिचे गाव आमचे स्वतःचेच निघण्याचा संभव मोठा होता. तशी पाटी हे लोक आता क्वचितच विणतात, कारण लोखंडी घमेली आणि प्लास्टिकची टोपली गावोगाव झाली. अंगणातल्या बहुतेक टोपल्या लहान होत्या आणि लग्नाच्या सजावटीसाठी शहरातून सांगून आलेल्या होत्या.

संध्याकाळी नंदुरबारला पोचलो. शहराबाहेर मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या लालभडक पसरल्या होत्या आणि मुक्कामाच्या खोलीत रात्रभर शिंका येत राहिल्या. याहून त्या मुक्कामाविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

तिसरा दिवस : धडगाव

हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडली की समोर सातपुड्याची भिंत उभी राहते. तळोद्याहून चांदसैली घाट चढताना जीपमध्ये माझ्या मांडीवरचे गोणपाट पाहून चालकाने चौकशी केली आणि बांबूचा विषय निघताच तो काठीच्या होळीवर गेला. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या जुन्या संस्थानच्या गावी होळीला जो उंच दांडा उभा करतात तो बांबूचा असतो, सरळ आणि लांब बांबू हेरून तो मानाने रानातून आणतात, आणि रात्रभर नाच होऊन पहाटे होळी पेटते. जिथे देवाचे काम बांबूवाचून होत नाही तिथे टोपल्यांचा काय तोटा, असे म्हणून त्याने मला धडगावच्या बाजाराबद्दल फार मोठी आशा लावली.

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. बाजाराचा दिवस मुद्दाम गाठला होता, आणि डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या माणसांनी रस्ते भरून गेले होते. प्लास्टिकच्या पाट्यांची रास सर्वांत उंच होती. बांबूचा माल तीन ठिकाणी मिळून मांडलेला सापडला : सुपे, गोल टोपल्या, कोंबड्यांची डालगी. अमळनेरच्या बाबांनी शिकवल्याप्रमाणे मी उकिडवा बसलो आणि एकेक टोपली उपडी करू लागलो. विकणाऱ्या बाईंना वाटले, मी भोके शोधतो आहे. दहा-बारा टोपल्या पाहून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, की सगळ्यांची बुडे चांदणीची आहेत. चौकोनी बूड एकाचेही नाही. विचारले तेव्हा बाईंनी सहज सांगितले, की हा माल खालून, शहाद्याकडून येतो. बुरुडाकडून घ्यायचा आणि वर आणून विकायचा. डोंगरात टोपल्या विणत नाहीत का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “विणतात ना दादा, पण घरासाठी. ज्याला येते तो विकत कशाला घेईल, आणि ज्याला येत नाही तो माझ्याकडे येतो.”

बाजारातली टोपली ही त्या बाजाराच्या गावची असते, असे मी आणि माझ्यासारखे हौशी लोक धरून चालतो. प्रत्यक्षात बाजारात मुख्यतः तो माल येतो जो त्या जागी होत नाही. धडगावच्या बाजारात उभे राहून डोंगराची टोपली शोधणे म्हणजे नदीकाठच्या गावात पाण्याचे दुकान शोधण्यासारखे होते, आणि हे कळायला मला चांगले तीन तास लागले. त्या बाईंच्या ओळखीने एका शाळेतील गुरुजींशी गाठ पडली. त्यांनी दुसऱ्या दिवशी एका पाड्यावर न्यायचे कबूल केले.

चौथा दिवस : डोंगरातील पाडा

सडक संपल्यावर तासभर चालावे लागले. आंब्यांना मोहोर धरू लागला होता. या तालुक्यात कैऱ्यांचा आमचूर घरोघर होतो आणि त्याच्या आधी मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचली जातात, म्हणजे टोपल्या लागण्याचा काळ पुढे होता आणि त्यांची तयारी आता चालली होती. पाड्यावरची घरे पाहिल्यावर विणकाम वेगळे शोधावे लागलेच नाही. भिंती विणलेल्या, दार विणलेले, आत माणूस मावेल अशी धान्याची कणगी विणून शेणाने सारवलेली, ओढ्यात मासे धरायचा निमुळता सापळाही विणलेला. एकच हात एकच वीण लहान-मोठी करत घरभर फिरला होता.

ज्यांच्याकडे गेलो ते आजोबा पावरी बोलत होते आणि गुरुजी मध्ये बसून समजावून देत होते. आजोबांनी दुरडीची एक तुटलेली कामटी टोकाशी धरून तिची जाडी पाहिली. इथल्या उतारांवर मुख्यतः मानवेल जातीचा बांबू होतो. कोरड्या रानातला मानवेल बारीक, पण जवळजवळ भरीव असतो, म्हणून त्याची कामटी जाड आणि चिवट निघते. ओढ्याकाठी होणारा काटेरी कळक मोठा असतो, पण आतून पोकळ, आणि त्याच्या गाठींवर काट्यांच्या खुणा राहतात. दुरडीच्या कामट्यांवर तशा खुणा नव्हत्या. नंतर त्यांनी सुरीच्या टोकाने अमळनेरच्या काठाखाली जरा उचकून पाहिले, तर आत जुन्या बांधणीचा दोन बोटे लांब तंतू अडकलेला निघाला. पळसाची मुळी कुटून काढलेला तो वाख होता. बुरुडाने जुना काठ काढताना एवढा तुकडा आत राहून गेला असावा. बांबूने जे नक्की सांगितले नव्हते ते या तंतूने सांगितले : पहिली बांधणी बुरुडाची नव्हती, घरच्या माणसाची होती.

याच पाड्यावरची असेल का, असे मी विचारले. आजोबांनी दुरडी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि रिकाम्या हातांनी, जणू कामट्या आहेत असे धरून, तिच्या भिंतीवरची जोडपात, म्हणजे दोन पाती एकमेकींना पिळत नेलेली वीण, विणायला सुरुवात केली. हात दोन-तीन वेढे फिरले आणि अडखळले. पुन्हा सुरू केले, पुन्हा त्याच ठिकाणी अडखळले. मग त्यांनी डोळे उघडून पिळाची दिशा पाहिली, आपली टोपली शेजारी ठेवली आणि मोठ्याने हसून गुरुजींना काही सांगितले. त्यांच्या टोपलीवर पिळाचा तिरपा माग एका अंगाला झुकत होता आणि दुरडीवर नेमका उलट अंगाला. गुरुजी म्हणाले, “ते म्हणतात, हा माणूस डावखोरा होता.”

ते ऐकून मी काही वेळ गप्पच बसलो. गाव शोधायला निघालो होतो आणि हाताशी माणूस आला होता, तोही नावाशिवाय, नुसता त्याच्या डाव्या हातासकट. आजोबांच्या आठवणीत आसपासच्या पाड्यांवर डावखोरे विणणारे दोघे होते, दोघेही फार पूर्वी वारलेले. त्यांपैकी कोणी सपाटीवर कपाशीला जात असे का, हे त्यांना आठवत नव्हते, आणि मीही फार खोदून विचारले नाही, कारण पाहुण्याला बरे वाटावे म्हणून दिलेले उत्तर मला नको होते.

निघताना बांबू तोडण्याचा विषय निघाला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती; २०१७ मधील दुरुस्तीने रानाबाहेर वाढलेल्या बांबूला त्या व्याख्येतून वगळले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तर बांबूला गौण वनउपजांत धरून त्यावर रानात राहणाऱ्यांचा हक्क आधीच मान्य केलेला आहे. कागदावर हे सगळे स्वच्छ असले, तरी आजोबांच्या पिढीला बांबूचा भारा खांद्यावर घेऊन सडकेने जाताना अजून अवघडल्यासारखे होते, आणि त्यांचा मुलगा विणकाम शिकला नाही त्याला हेही एक कारण असल्याचे गुरुजींनी परतीच्या वाटेवर सांगितले.

पाचवा दिवस : मोलगी, अक्कलकुवा, तळोदा

मोलगीवरून देवगोई घाटाने खाली उतरलो. हा दिवस बहुतेक प्रवासातच गेला. पण तळोद्याजवळ सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या एका वसाहतीत अर्धा तास थांबलो, कारण गुरुजींनी तसे आग्रहाने सांगितले होते. नर्मदाकाठची गावे बुडाली तेव्हा ही कुटुंबे सपाटीवर आली. इथे जमीन काळी, पीक कपाशी-तुरीचे, आणि बांबू विकत घ्यावा लागतो. एका ओसरीत ठेवलेली टोपली उपडी करून पाहिली. चार कोपऱ्यांचे डोंगरी बूड होते, पण उभ्या कामट्यांमधून आडवी विणलेली होती ती अख्खी तुराटी. दोंडाईच्यात आणि पाड्यावर जे नियम मी मनाशी पक्के केले होते, त्यांतला एकही या टोपलीला पुरता लागू पडेना. साहित्य पाहणाऱ्याने तिला सपाटीची म्हटले असते आणि बूड पाहणाऱ्याने डोंगराची. घरधनीण म्हणाल्या, “हात तिकडचा, काडी इकडची.”

सहावा दिवस : नवापूर

नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे सर्वांना ठाऊक असते. तिथल्या सुपांचेही तसेच आहे, हे मला त्या दिवशी कळले. बांबूकाम हाच पिढीजात धंदा असलेले कोटवाळिया हद्दीच्या दोन्ही अंगांना राहतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत विटोलिया, कोटवालिया, बरोडिया अशी त्यांची नावे एकत्र येतात आणि गुजरातेत त्यांची गणना विशेष दुर्बल आदिम जमातींत होते. ज्या घरी गेलो तिथे नवराबायको मिळून काम करत होती. त्याने कामटीतून पाती सोडवायची आणि तिने विणायची. पातीचे टोक दातांत धरून, एक हात सुरीवर आणि दुसरा मागे ओढत, तो तिचे असे पातळ पदर काढत होता, की शेवटच्या पदरातून उन्हाचा पिवळा प्रकाश आरपार दिसला.

माझे सूप पाहून बाईंनी ‘आपलेच’ म्हटले, म्हणजे त्यांच्या लोकांचे. गाव सांगता येणार नाही, हेही लगेच सांगितले. बांबू कधी या बाजूचा, कधी त्या बाजूचा, सोयरीक दोन्हीकडे, विणलेला माल जिथे गाडी आधी मिळेल तिथल्या बाजारात जायचा. नंतर त्यांची नजर दुरडीवरच्या तुटक्या कामटीकडे गेली. परवानगी न विचारता त्यांनी ती ओढून काढली, आपल्याकडची एक ताजी कामटी मोजून कापली, ओली केली आणि जुन्या विणीतून एकेक घर सोडत-धरत पार नेली. पिळ उलटा असल्याने त्यांनाही मध्ये एकदा थांबावे लागले. पैसे घ्यायला नको म्हणाल्या, तेव्हा मी एक सूप विकत घेतले.

गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसून मी चारही जिन्नसांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या. दुकानातल्या टोपलीवरची जुनी चिठ्ठी फाडून ‘वेताचा काठ, खानदेशाबाहेरची’ एवढेच लिहिले. पाटीवर लिहिले, ‘विणणारे फिरते कैकाडी, तुराटी बहुधा घरच्या शेतातली’. सुपावर ‘कोटवाळिया, नवापूरची बाजू, हद्दीच्या अलीकडचे की पलीकडचे, ठाऊक नाही’. दुरडीची चिठ्ठी मोठी करावी लागली आणि तिच्यावर चार ओळी आल्या : ‘बूड व वीण अक्राणीकडच्या डोंगरातली असावी, डावखोऱ्या माणसाची. काठ अमळनेरचा, बुरुडाचा. एक कामटी नवापूरची, या जानेवारीतली. आतला पळसाचा वाख काढू नये.’